कुडीतला खडा हिऱ्याचा की अमेरिकन डायमंडचा?



या खेपेला मी तुम्हांला फराळाचं तळण झाल्यावर उरलेलं तेल कसं गाळून ठेवावं ते सांगणार होते. पण वसमतच्या एका भगिनीचं पत्र आलं आणि तेल बाजूला ठेवलं. पत्र चार पानी आहे, आणि तिसऱ्या पानावरची शाई थोडी पसरलेली आहे. तेव्हा आधी तेच.

हकिगत अशी. या ताईंचं माहेर कळमनुरी तालुक्यातलं. आईचं लग्न १९६४ सालचं. लग्नात आईला तिच्या माहेराकडून सात-सात हिऱ्यांच्या कुड्या आल्या. आई आता थकल्या आहेत, भावाकडे राहतात, आणि कुड्या गेली बारा वर्षं भावजयीच्या कपाटात होत्या. नातीचं लग्न ठरलं तेव्हा आईंनी स्वतःच्या हाताने त्या काढून लेकीला दिल्या, "पोरीच्या कानात घाल" म्हणाल्या. ताईंनी दुरुस्तीसाठी त्या सराफाकडे नेल्या. त्याने क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "बाई, सोनं चांगलं आहे, पण खडे अमेरिकन डायमंडचे आहेत." ताई लिहितात की त्या रात्री त्यांना झोप आली नाही. बारा वर्षं कुड्या कुणाकडे होत्या? भावजयीकडे. मग दुसरं कोण? शेवटी विचारतात, "भाऊबीजेला माहेरी जाऊ की नको? गेले तर तोंडातून शब्द निघाल्याशिवाय राहणार नाही."

ताई, शब्द काढायच्या आधी हे सगळं वाचा. कुणाचं नाव घेण्याआधी खडा कोणता आहे ते कळायला हवं, आणि सराफाच्या एका वाक्यावरून ते कळत नाही.

अमेरिकन डायमंड हा ना डायमंड, ना अमेरिकन. त्याचं खरं नाव क्यूबिक झिर्कोनिया. दुकानात त्याला एडी म्हणतात, कुणी सीझेड म्हणतात. दाताच्या डॉक्टरकडे आजकाल झिर्कोनियाची कॅप बसवतात ना, त्याच घराण्यातला हा पदार्थ. झिर्कोनियम नावाच्या धातूचा ऑक्साइड. याचे अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण निसर्गात सापडतात हे १९३७ साली दोन जर्मन शास्त्रज्ञांनी शोधून काढलं होतं, पण दागिन्यात बसवण्याएवढा खडा निसर्ग देत नाही. तो माणसानेच बनवावा लागतो, आणि बनवणं सोपं नव्हतं. हा पदार्थ वितळायला सुमारे २७५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. आता एवढ्या उष्णतेला टिकेल असं भांडं आणायचं कुठून? लोखंड तर १५३८ अंशालाच पातळ होतं.

मॉस्कोतल्या लेबेदेव भौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी युक्ती काढली ती आपल्या स्वयंपाकघरात सहज समजेल अशी आहे. गुळाचा पाक करताना कढईच्या थंड काठावर पाक आधी घट्ट बसतो आणि मधे खदखदत असतो, तसं. त्यांनी तांब्याच्या नळ्यांचं कडं केलं, नळ्यांतून थंड पाणी खेळवलं, मधे पूड भरली आणि रेडिओ लहरींनी ती आतून तापवली. बाहेरचा थर पाण्यामुळे घट्टच राहिला, आतला वितळला. म्हणजे पदार्थानेच स्वतःचं भांडं केलं. मग ते सावकाश निवू दिलं की आत खडे तयार होतात. थंड होताना खडा तडकू नये म्हणून त्यात यिट्रियमचा किंवा कॅल्शियमचा ऑक्साइड थोडा मिसळावा लागतो. ही पद्धत १९७३ साली प्रसिद्ध झाली आणि १९७६ साली खडे विक्रीसाठी तयार होऊ लागले. रशियात त्याला त्या संस्थेच्या नावावरून फियानाइट म्हणतात. आपल्याकडे तो आला तो मात्र अमेरिकन होऊन! आपल्याच देशात तामिळनाडूत तिरुचिरापल्लीकडे घराघरांतून असे खडे घासून पैलू पाडण्याचा धंदा चालत आलेला आहे. दसऱ्याच्या प्रदर्शनात हिंगोलीच्या मैदानावर शंभर-दीडशे रुपयांत झगमगीत कानातली मिळतात, त्यांतही हाच खडा असतो, किंवा साधी काच.

ताई, १९७६ हे साल लक्षात घ्या. तुमच्या आईचं लग्न १९६४ चं. त्या वर्षी हा खडा जगात कुणाच्याच दागिन्यात नव्हता. तेव्हा दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर आज कुडीत आहे तो अमेरिकन डायमंड नाहीच, दुसरंच काहीतरी आहे. नाहीतर खडे १९७६ नंतर केव्हातरी बदलले गेले आहेत. आणि "१९७६ नंतर" यात सुमारे पन्नास वर्षं येतात, तुमच्या भावजयीची बाराच नव्हेत.

पहिली शक्यता आधी घेते, कारण ती कुणाच्या ध्यानातच येत नाही. आजच्या सराफी दुकानात जो चमकणारा पांढरा खडा हिरा नाही, त्याला सरसकट अमेरिकन डायमंड म्हणायची सवय झाली आहे. पण जुन्या दागिन्यांत हिऱ्याच्या जागी आणखी पुष्कळ काही असे. पांढरा पुष्कराज, पांढरा नीलम, मागे चकचकीत पत्रा लावलेली शिशाची काच, विसाव्या शतकाच्या आरंभापासून भट्टीत बनवलेले खडे. आणि आपल्या आजीच्या तोंडचा शब्द, जरकन. इथे थोडा घोटाळा आहे. जरकन म्हणजे जमिनीतून निघणारा नैसर्गिक खडा, झिर्कॉन, आणि झिर्कोनिया म्हणजे भट्टीतला. नावं सख्ख्या बहिणींसारखी, पण खडे वेगळे, आणि आज तर झिर्कोनियालाच जरकन म्हणून विकतात. ओळखायचं कसं? घड्याळजीचं असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खड्याच्या वरून आत तिरपं बघा. जरकनमध्ये मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, एकाच्या शेजारी एक. हिऱ्यात आणि अमेरिकन डायमंडमध्ये कडा एकेरीच दिसतात.

आता हिरा की अमेरिकन डायमंड, हे घरी कसं बघावं ते सांगते. पण आधी काय करू नये ते. खड्याने काच ओरखडून बघू नका. काचेची कठिणता साडेपाचच्या आसपास, अमेरिकन डायमंडची आठ ते साडेआठ आणि हिऱ्याची दहा. दोघेही काच कापतील, आणि तुम्ही उगीच आरसा खराब कराल. हातोडी तर मुळीच नको. हिरा कठीण असतो, पण ठिसूळही असतो, एका ठरावीक बाजूने घाव बसला तर दुभंगतो. दादांनी "खरा हिरा फुटत नाही" म्हणून अडकित्ता घेतला तर त्यांच्या हातातून आधी कुडी काढून घ्या.

वर्तमानपत्रावर खडा ठेवून अक्षरं दिसतात का बघा, असं मासिकांतून नेहमी छापून येतं. सुट्या खड्याला ते थोडंफार लागू आहे. कुडीत मागून सोन्याने बंद केलेल्या खड्याला त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा तोंडाची वाफ बरी. आधी कुडी स्वच्छ धुऊन पुसून वाळवा, मग खड्यावर हळूच वाफ सोडा. हिऱ्यातून उष्णता फार झपाट्याने वाहते, म्हणून त्यावरची वाफ जवळजवळ लगेच उडते. अमेरिकन डायमंडमधून उष्णता जात नाही, त्यामुळे त्यावर दोन-तीन सेकंद धूसर राहतं. शेजारी ओळखीच्या खऱ्या हिऱ्याची अंगठी ठेवून दोन्हींवर बरोबर वाफ सोडली तर फरक चटकन कळतो. तरी ही नुसती खूण आहे, निकाल नाही.

दुसरी खूण रंगांची. अमेरिकन डायमंड हिऱ्यापेक्षा जास्त रंग फेकतो. दिव्याखाली हलवला की लाल, हिरवे, निळे कवडसे निघतात. पुष्कळजणी समजतात, इतकं चमकतंय म्हणजे खरंच असणार. उलट आहे हो! अति इंद्रधनुष्य दिसलं तर जरा थांबा. आपली हिंगोली १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ज्यांच्या राज्यात होती त्या निजामाकडे जेकब नावाचा १८४ कॅरेटहून मोठा हिरा होता. सातव्या निजामाला तो वडिलांच्या बुटाच्या टोकात सापडला आणि तो कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवत असे, असं सांगतात. निजामाच्या दागिन्यांबरोबर १९९५ साली भारत सरकारने २१८ कोटी रुपयांना घेतला तो हाच. सांगायचा मुद्दा, ज्याच्या घरात हिऱ्यांचे ढीग होते त्यालाही तो टेबलावर काचेसारखाच दिसत होता. तेव्हा डोळ्यांवर फार भिस्त ठेवू नका.

तिसरी खूण कडांची, आणि तुमच्या कामाची हीच आहे. हिऱ्याच्या पैलूंच्या कडा पन्नास वर्षं वापरूनही धारदार राहतात. अमेरिकन डायमंडच्या कडा वर्षानुवर्षं वापरल्यावर बोथट होतात, पृष्ठावर बारीक चरे दिसतात. चौदाही खडे भिंगाखाली बघा. जुने हिरे हाताने पाडलेले असत, त्यामुळे पैलू एकसारखे नसतात, एक खडा थोडा पिवळसर, एक जरा मोठा. चौदाचे चौदा जुळ्या भावंडांसारखे एका मापाचे आणि पाण्यासारखे स्वच्छ असतील तर ते नव्या काळातले. काही झिजलेले आणि काही नवे दिसले तर ते वेगवेगळ्या वेळी बसवले आहेत. जुन्या कुडीतला एखादा हिरा पडतो, सोनार त्या जागी दुसरा खडा बसवतो, घरातलं कुणी विसरून जातं. सात वर्षांत दोन-तीन वेळा असं झालं की कुणीही चोरी न करता कुडी अर्धी बदललेली असते.

सराफाकडे पेनासारखं यंत्र असतं, खड्याला टेकवलं की वाजतं. ते उष्णता मोजतं. अमेरिकन डायमंड त्यात लगेच उघडा पडतो. पण खडा बारीक असला आणि टोक सोन्याला लागलं तरी ते वाजतं. शिवाय मॉइसनाइट नावाचा आणखी एक कृत्रिम खडा आता बाजारात आला आहे, त्यातूनही उष्णता हिऱ्यासारखीच वाहते, म्हणून साध्या यंत्राला तो हिराच वाटतो. आणि प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे म्हणाल तर ते नकली नव्हेतच, कोळशाच्याच कार्बनचे खरे हिरे, फक्त खाणीतले नाहीत आणि किमतीला पुष्कळ उतरते. सुरतेत ते भरपूर होतात. नुसत्या डोळ्यांनी किंवा साध्या पेनने ते ओळखू येत नाहीत. पक्कं उत्तर हवं तर खडा रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत द्यावा लागतो. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, इतरही आहेत. पण आधी दुसऱ्या एखाद्या सराफाला, पहिल्याचं मत न सांगता, कुड्या दाखवा. तेवढ्याने बहुतेक कळतं.

आता दुसरी शक्यता, खडे खरंच बदललेले निघाले तर.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. माझ्या आईच्याही कुड्या होत्या. १९८३ साली भावाच्या शिक्षणाला पैसे कमी पडले. वडील कुणापुढे हात पसरणारे नव्हते आणि आजी घरात होती, तिच्यापुढे दागिना विकायचं नाव काढायची सोय नव्हती. आईने दुपारची झोपेची वेळ साधून एकदा नांदेड गाठलं, हिरे विकले, त्याच कोंदणात अमेरिकन डायमंड बसवून घेतले आणि संध्याकाळी कानात घालून चहा टाकला. मला हे कळलं वीस वर्षांनी, मटार सोलताना, तेही मी कुड्या मागितल्या म्हणून. "तुला सांगायचंच होतं," म्हणाली, "पण आधी तुझी आजी होती आणि नंतर मला लाज वाटायला लागली." ताई, तुमच्याकडेही असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. पण ज्या पन्नास वर्षांत खडे बदलू शकले असते, त्यातली बहुतेक वर्षं कुड्या तुमच्या आईजवळच होत्या.

म्हणून विचारायचं असेल तर आधी आईंना विचारा, आणि एकटीने विचारा. भाऊ, भावजय, जावई कुणी खोलीत नको. "खडे खोटे निघाले" अशी सुरुवात करू नका. "आई, एक खडा सैल झालाय, मागे कधी बदलला होता का?" असं विचारा. सैल खड्याचा प्रश्न कुणालाही खरं सांगायला सोपा जातो. आईंना आठवलं नाही तर आग्रह धरू नका. आणि भावजयीशी बोलायचंच झालं तर त्या कुड्यांची दुरुस्ती कुठे झाली होती, कोणत्या सोनाराकडे, एवढंच विचारा. सोनार कळला तर त्याची जुनी वही बघायला मिळते.

मुलीच्या लग्नाचं म्हणाल तर त्याच कुड्या तिच्या कानात घाला. सोनं आजीचं आहे. अमेरिकन डायमंड हा काही हलका खडा नाही. लग्नाच्या साडीवर, नथीत, मंगळसूत्राच्या पेंडंटमध्ये, नाकातल्या चमकीत तो छान दिसतो. धुळीतली गारगोटी सातच्या कठिणतेची, म्हणून काचेसारखा तो धुळीने लवकर मंदावत नाही. फक्त हिऱ्याच्या दागिन्याबरोबर एका डबीत टाकू नका, हिरा त्याला चरे पाडतो. तेल, साबण आणि केसांचा स्प्रे बसला की खडा धुरकट दिसतो, मग बायका म्हणतात "उतरला". उतरत नाही, मळतो. कोमट पाण्यात चार थेंब पातळ साबण, मुलाचा जुना मऊ ब्रश, मागच्या बाजूनेही हलकेच घासायचं, की पुन्हा लखलखतो. पितळेवरच्या स्वस्त दागिन्यात खडे डिंकाने चिकटवलेले असतात, ते मात्र पाण्यात भिजत घालू नका, सकाळी वाटीच्या तळाशी खडे सापडतील.

आता हळद विकून पैसे हाती आले की अक्षय्य तृतीयेला दागिने घ्यायची घाई होते, म्हणून सगळ्याच मैत्रिणींना एक हिशेब सांगते. हा खडा हिऱ्यापेक्षा जड असतो. त्याच आकाराचा खडा हिऱ्याच्या जवळपास पावणेदोन पट भरतो. दोन मिलिमीटरचा एक खडा साधारण १० मिलीग्रॅम, म्हणजे असे शंभर खडे असलेल्या दागिन्यात एक ग्रॅम वजन नुसत्या खड्यांचं. हिशेबाला सोपं जावं म्हणून सोनं १०,००० रुपये ग्रॅम धरा. सराफाने दागिना खड्यांसकट तोलून सोन्याचा भाव लावला तर काही रुपयांच्या खड्यांना तुम्ही १०,००० मोजले. मी स्वतः १९९६ साली खड्यांचे तोडे असेच घेतले. पुढे मोड घालायला गेले तेव्हा त्याच दुकानात खड्यांचे अडीच ग्रॅम वजा झाले. घेताना सोनं, देताना खडे! तोंडात बोट घालून घरी आले.

म्हणून पक्क्या पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीत ते यायलाच हवं. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो मोबाइलवर बीआयएस केअर अॅपमध्ये घालून बघता येतो. पण हॉलमार्क सोन्याची साक्ष देतो, खड्याची नाही. २२ कॅरेट हे सोन्याच्या शुद्धतेचं माप, आणि हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन, २०० मिलीग्रॅम. "बावीस कॅरेटचा डायमंड सेट" असं कुणी म्हणालं की कॅरेट कशाचं ते तिथल्या तिथे विचारा. खडा कोणता तेही पावतीवर लिहून द्यायला सांगा: हिरा, प्रयोगशाळेतला हिरा, मॉइसनाइट की अमेरिकन डायमंड. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारता येतं.

वसमतच्या ताई, भाऊबीजेला जा. कुड्या बरोबर न्या, आईंशी बोलून झालं की नातीच्या नावाने एक चिठ्ठी लिहा: कुड्या कुणाच्या, कोणत्या साली आल्या, सोनं किती ग्रॅम, खडे कोणते आणि केव्हा बदलले ते कळलं असेल तर तेही. तारीख घाला आणि चिठ्ठी घडी करून कुड्यांच्या डबीत, कापसाखाली ठेवा. तेलाचं पुढच्या अंकात सांगते.